ठकूमावशीचा लव्हाळा

ठकूमावशी कुणाच्याही रानात शिरली की आधी खाली बसायची. पीक कसं आहे, झाडांनी फळ किती धरलंय, हे बघायला तिला सवड नसे. पदर खोचून ती बांधाशीच उकिडवी बसे, उजव्या हाताची दोन बोटं मातीत घाली आणि लव्हाळ्याचा एक कोंब तुटू न देता, हळूहळू, पार मुळापर्यंत उकरून काढी. मग त्या दोऱ्यासारख्या मुळीला लागलेल्या काळ्या गाठी अंगठ्याने एकेक करून मोजी. मोजणं कानडीत. "ओंदु, येरडु, मूरु..." आकडा सात-आठच्या पुढे गेला की ती नुसती मान हलवी आणि रानाच्या मालकाकडे बघे. त्याच्या घरात कुणीतरी आजारी आहे आणि त्याला अजून कुणी कळवलेलं नाही, अशी ती नजर असे.

लव्हाळा म्हणजे वैद्य ज्याला नागरमोथा म्हणतात ते गवत. दिसायला नाजूक, तकतकीत, उपटायला गेलं तर चटकन हातात येणारं. फसवणूक तिथेच आहे. हातात येते ती पात. गाठ खाली राहते आणि आठव्या दिवशी त्याच जागी दोन पाती उभ्या असतात. पाणी आणि शेणखत मिळालं की हे गवत माजतं, आणि मोसंबीच्या बागेत तर दोन्ही बारमाही. गवतापायी माणसं इतकी थकतात असं मला लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

मी साताऱ्यातल्या एका शाळामास्तरांची मुलगी. सातवी झाले आणि दोन वर्षांनी लग्न होऊन उंब्रजच्या पलीकडे कृष्णाकाठच्या एका गावात आले. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात माझे सासरे, त्यांना मी मामंजी म्हणायची आणि बाकी सगळे आबा, आणि आम्ही दोघं. यांना बागेचं वेड होतं. आजूबाजूला सगळे ऊस लावत होते तेव्हा यांनी पुण्याच्या बाजूने मोसंबीची कलमं आणली आणि विहिरीखालच्या रानात पंधरा ओळी लावल्या. मामंजींना ते पटलेलं नव्हतं, पण एकुलत्या एक मुलाला नाही म्हणणंही त्यांना जमलं नाही. लढाई सुरू झाली, गावातली वीस-पंचवीस माणसं पलटणीत गेली, त्यांत हेही गेले. जाताना म्हणाले, "बाकीचं आबा बघतील. बाग तेवढी तू बघ." मी तेव्हा एकोणीस वर्षांची. मोसंबी आणि लिंबाचं झाड शेजारी उभं केलं असतं तर कोणतं कोणतं हे मला सांगता आलं नसतं.

त्या श्रावणात बाग हिरवीगार दिसायला लागली. मला फार बरं वाटलं. जेवण वाढताना मी मामंजींना तसं म्हटलं, तर ते घास हातात धरून थांबले.

"हिरवी बाग न्हाई दिसत, पोरी. हिरवा लव्हाळा दिसतुया."

दुसऱ्या दिवशी त्यांनी भांगलणीला, म्हणजे खुरपून गवत काढायला, बायका बोलावल्या. मी त्यांच्यासाठी पाण्याची कळशी घेऊन गेले आणि एका कलमाला लागून उभी राहिले. सर्वांत मागे राहिलेल्या बाईने मान वर न करताच मला सांगितलं, "वैनी, पाय काढा. तुमी झाडाच्या तोंडावर हुब्या हाय."

मी दचकून बाजूला झाले. तेव्हा तिने मान वर केली. पन्नाशीची, उंच, हाडं वर आलेली बाई. कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण. खुरपं झिजून झिजून चंद्रकोरीएवढं उरलेलं. खुरप्याच्या टोकाने तिने झाडाच्या आळ्यातली जेमतेम चार बोटं माती बाजूला केली आणि केसांसारखी पांढरी मुळं दाखवली.

"मोसंबीचं तोंड हितं आसतंय, वरल्या वितीत. खोल पानी शोधत जात न्हाई ती. लाडाची लेक हाय. आन् ह्यो मेला लव्हाळा बी त्याच वितीत ऱ्हातोय. दोघांचं ताट येक."

ही माझी आणि ठकूमावशीची पहिली भेट. आमच्या पुढच्या सगळ्या कष्टांचं कारण तिने त्या दोन वाक्यांत सांगून टाकलं होतं. ऊस असता तर रान खोल नांगरून गाठी उन्हात वर काढता आल्या असत्या. इथे गाठींच्या नादाने खोल गेलं की झाडाची मुळं तुटायची. वरवर खुरपलं की गाठी खाली शिल्लक. झाडाच्या सालीला खुरप्याचं टोक लागलं तरी तिथून डिंक वाहायचा. बुंध्याजवळचं गवत ती म्हणूनच बोटांनी काढी.

ठकूमावशी मूळची जतकडची, कानडी मुलखाच्या कडेची. तिकडे एका कोरड्या वर्षी नवऱ्याबरोबर मेंढरं हाकत ती कृष्णाकाठाला आली. मेंढरं वाटेत संपली. नवरा विहिरींच्या कामावर राहिला आणि तीन-चार वर्षांत तापाने गेला. एक मुलगी होती, ती पुन्हा जतलाच दिली. मावशी मात्र इथेच राहिली, गावठाणाच्या कडेला एका खोपटात. इतकी वर्षं झाली तरी इथल्या माणसांचं तिला नवल वाटायचं. "आमच्या मुलखात हिरवं कायबी दिसलं तर मानूस मेंढरं घिऊन कोसभर पळतंय. हितं हिरवं दिसलं की तुमी कपाळाला हात लावताय," असं म्हणायची आणि तोंडाने हे म्हणत असताना हाताने तेच हिरवं कापत पुढे सरकायची.

भांगलणीच्या बायका रांगेने बसतात. प्रत्येकीच्या वाट्याला जी पट्टी येते तिला पात म्हणतात. बाकीच्या बायकांची पात गप्पांबरोबर पुढे जाई. मावशीची पात सगळ्यांत मागे असे, पण तिच्या मागे जमीन अशी दिसे की तिथे कधी काही उगवलंच नव्हतं. मामंजी एकदा तिला म्हणाले, "ठकू, हात उचल जरा." ती म्हणाली, "आबा, हात उचलला की लव्हाळा ऱ्हातोय."

पहिल्या वर्षी चार वेळा भांगलण झाली. चारही वेळा पंधरवड्यात बाग पुन्हा जशीच्या तशी झाली. मी मावशीला विचारलं, "हा कधी निघायचा?"

"काढून निघत न्हाई त्यो, वैनी. त्येला दमवायचा आसतोय. आता बगा, पात कापली की त्यो गाठीतलं खाऊन नवी पात काढतोय. ती जरा मोठी झाली की तिच्यातनं गाठीत परत भरतोय. भरायच्या आत कापायची. परत काढंल, परत कापायची. गाठीत आसून आसून किती आसंल? कवातरी सरंलच."

"किती दिवसांत कापायची?"

"आठ-धा दिवसांत. चौथं पान दिसायच्या आत."

"आणि असं किती वर्षं?"

पात पुढे सरकली.

पुढे शेतकीची पुस्तकं वाचताना मला तिचंच म्हणणं शहाण्या शब्दांत लिहिलेलं सापडलं. पण त्या वेळी तिचं कोण ऐकणार? दर आठ दिवसांनी बागेत बायका घालायच्या म्हणजे बाकीची शेती सोडावी लागली असती. शिवाय माणसंच मिळत नव्हती. तरणे पलटणीत गेलेले, उरलेल्यांना उसाचं काम. दोन वर्षं आम्ही जमेल तशी, जमेल तेव्हा भांगलण करत राहिलो आणि लव्हाळा जोमाने वाढत राहिला. कलमं मात्र गुडघ्याच्या वर फारशी गेली नाहीत.

तिसऱ्या उन्हाळ्यात मामंजींचा धीर सुटला. त्यांनी लोखंडी नांगर आणि तीन बैलजोड्या ठरवल्या. झाडांच्या ओळींमधून खोल नांगरट करायची, गाठी उन्हात तळायच्या आणि विषय संपवायचा. नांगर आला त्या सकाळी ठकूमावशी बोलावलेली नसताना आली. नांगराच्या वाटेत उभी राहिली नाही, तिचा तो स्वभाव नव्हता. मामंजींच्या बाजूला जाऊन हलक्या आवाजात म्हणाली, "आबा, मुळ्या तुटत्याल."

"तुटू देत. नवीन येत्याल."

"येत्याल. पर तवर लव्हाळा येतोय."

"तुजं तीन वर्सं ऐकलं न्हवं, ठकू? काय झालं?"

खरं तर तिचं कुणी तीन दिवससुद्धा ऐकलं नव्हतं. हे मला ठाऊक होतं आणि तिलाही. मी तिच्याकडे पाहिलं. मी बोलावं असं तिला वाटलं असेल का, कोण जाणे. सासऱ्यांच्या समोर रानात उभं राहून बोलायची माझी छाती झाली नाही. मावशी बांधावर बसून राहिली आणि आम्ही दोघींनी खालच्या अंगाच्या पाच ओळी नांगरताना बघितल्या. फाळ वर येई तेव्हा त्याला पांढरी मुळं लोंबत असत. दुपारी एका जोडीचा बैल लंगडायला लागला म्हणून नांगर थांबला. बाकीच्या दहा ओळी वाचल्या त्या केवळ त्या बैलाच्या पायामुळे.

आठ दिवस कडक ऊन पडलं असतं तर मामंजींचं कदाचित खरंही ठरलं असतं. पण चौथ्याच दिवशी वळवाचा पाऊस आला. नांगराने तुकडे केलेली एकेक गाठ फुटली. पंधरा दिवसांत खालच्या पाच ओळी दाट हिरव्या झाल्या आणि त्या हिरव्यात मोसंबीची झाडं पिवळी दिसायला लागली. पानं गळाली, बुंध्यांना डिंक सुटला. दिवाळीपर्यंत त्या ओळींतली निम्म्याहून जास्त झाडं वाळली, उरलेलीही पुढे टिकली नाहीत. मामंजी बागेकडे जायचे बंद झाले. एक दिवस मला म्हणाले, "तुजं तू बग आता. मला त्यातलं कायबी विचारू नगंस."

त्या दिवशी मी बागेत जाऊन रडले. यांची पत्रं महिन्या-दोन महिन्यांनी यायची, लष्कराने खाडाखोड केलेली. प्रत्येकात बाग कशी आहे हे विचारलेलं असायचं आणि मी प्रत्येक वेळी बरी आहे म्हणून लिहायची. मावशी वाळलेल्या झाडांच्या फांद्या गोळा करत होती. मी तिला म्हणाले, "मामंजींनी बाग घालवली. आता मी यांना काय लिहू?"

मावशीने फांद्यांचा भारा खाली ठेवला आणि माझ्यासमोर बसली.

"आबांस्नी बोलू नगा. लव्हाळा आबांनी आणला न्हाई."

"मग कुणी आणला?"

"मालकांनी. कलमं लावायच्या आदी नदीचा गाळ आणून टाकला न्हवं का हितं, गाड्याच्या गाड्या? त्यातनं आला."

हे मला नवीन होतं. पण पुढचं त्याहून नवीन होतं.

"गाळ भराया आमी बायका हुतो. पयल्याच दिशी माज्या पाटीत गाठी आल्या. वळकल्या मी. बोलले न्हाई."

"का?"

"आठ दिसांचं काम हुतं, वैनी. त्या सालात दुसरं काम न्हवतं गावात. गाठी हायत म्हनले असते तर गाळ थांबला असता. धा-बारा बायका घरी गेल्या असत्या. मी बी. आन् मालक लय हौसंनं भरून घेत हुते. वाटलं, ह्या हौशी मानसाला रोजगारी बाईनं काय सांगायचं."

मला त्या वेळी जो राग आला तो आजही मला आवडत नाही. तीन वर्षं जिच्या पाठीमागे पाण्याची कळशी घेऊन हिंडले, जिच्यावर भरवसा ठेवला, तिनेच हे होऊ दिलं, एवढंच मला दिसलं. मी तिला म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." ती "बरं" म्हणाली, भारा डोक्यावर घेतला आणि गेली. मामंजींना मी काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिला गावात काम मिळालं नसतं, एवढं मला रागातही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत गेले तर ती वरच्या पहिल्या ओळीत बसलेली. एकटीच. मी जवळ गेले तरी हात थांबला नाही.

"येऊ नको म्हटलं होतं ना?"

"रोज लावू नगा माजा. पर मला येऊ द्या. मला घरी बसवंना."

मी बराच वेळ उभी राहिले. तीन बाजूंनी हिरवं, आणि त्यात तिने साफ केलेला घोंगडीएवढा काळा तुकडा. मग मी पदर खोचला आणि तिच्या शेजारी बसले. आमच्या घरच्या सुना रानात भांगलायला बसत नसत. त्या दिवसापासून मी बसले. बसले ते रागातच. दुपारपर्यंत हाताला फोड आले, तेव्हा तिने माझ्या हातातलं खुरपं काढून घेतलं, मुठीला चिंधी गुंडाळली आणि परत दिलं.

मग मात्र आम्ही तिच्या म्हणण्याप्रमाणे केलं. दहा ओळी, त्यांचे आठ तुकडे. रोज एक तुकडा. नवव्या दिवशी पुन्हा पहिला. सण नाही, वार नाही. पावसाळ्यात ओळींच्या मधल्या पट्ट्यांत आम्ही ताग दाट पेरला, कारण मावशीच्या मते लव्हाळ्याला सावलीचा राग होता. फुलावर यायच्या आत ताग कापून तिथेच अंथरला. उन्हाळ्यात झाडांपासून चार हात सोडून, जिथे मोसंबीची मुळं पोचलेली नव्हती तिथे, कुदळीने गाठी खणून काढल्या आणि खडकावर वाळत घातल्या. वाळलेल्या गाठींचा धुपासारखा वास येई. मला तो पुढे कित्येक वर्षं सहन होत नसे.

मामंजींनी पहिले चार दिवस माझ्याकडे बघितलं नाही. पाचव्या दिवशी गाडी घेऊन आले आणि आम्ही काढलेले ढीग भरून बागेबाहेर नेऊन टाकायला लागले. मावशीला म्हणाले, "ठकू, ढीग वाटंवर लावत जा. गाडी वळवाया बरं पडतंय." तेवढंच.

ते काम कसं होतं हे सांगणं अवघड आहे. त्यात काही घडत नाही. आज जे केलं ते नऊ दिवसांनी तसंच पुढे येतं. वर्षाच्या शेवटी मला वाटलं, आपण एका जागीच बसलो आहोत आणि जमीनच खालून फिरते आहे. मी तसं मावशीला म्हटलं. तिने नुकताच काढलेला एक कोंब माझ्या हातात ठेवला. गेल्या वर्षी करंगळीएवढा जाड असायचा, हा सुतळीएवढा होता. खाली गाठी तीन, त्यांतली एक पोकळ.

"दमलाय बगा," ती म्हणाली. आनंदाने नाही म्हणाली. थकलेलं जनावर दाखवावं तसं दाखवलं. "आपुन बी दमलोय. पर त्येला कळू द्यायचं न्हाई."

पुढच्या वर्षी मावशीला हिवतापाने धरलं. महिनाभर ती उठली नाही. मी एकटीने दोन फेऱ्या केल्या. तिसऱ्या फेरीला माझं अंग चालेना. एक दिवस गेले नाही, मग दुसऱ्या दिवशी गेले नाही, आणि असे पंधरा दिवस गेले. मावशी काठी टेकत बागेत आली तेव्हा विहिरीकडच्या दोन ओळींत लव्हाळ्याला तुरे आले होते. मी मान खाली घालून उभी राहिले. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती तुऱ्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मी बी आसंच केलं आसतं." आणि काठी बाजूला ठेवून खाली बसली.

चौथ्या पावसाळ्यानंतर झाडांनी अंग धरलं. फांद्या रुंदावल्या, खाली त्यांची स्वतःची सावली पडायला लागली आणि त्या सावलीने आमचं निम्मं काम हातात घेतलं. पहिला बहार आला तेव्हा मावशीने फुलं बघितली नाहीत. ती फुलांच्या खालची जमीन बघत होती.

लढाई संपली आणि वर्षभराने हे घरी आले. एका कानाने ऐकू येत नव्हतं. बोलणं कमी झालं होतं. आल्या दिवशी बागेत गेले, दहा ओळी बघितल्या, मग खालचं मोकळं रान बघितलं. मी सगळं सांगितलं, फक्त गाळाचं सांगितलं नाही. तेवढ्यात मावशी उठून आमच्याजवळ आली. तिची पाठ तोवर पुरी सरळ होत नव्हती.

"मालक, गाळात गाठी हुत्या. मी बघितल्या हुत्या. तवा बोलले न्हाई."

ती त्यांच्या बहिऱ्या कानाच्या बाजूला उभी होती. यांनी मान वळवून दुसरा कान पुढे केला आणि तिला पुन्हा सांगावं लागलं.

हे म्हणाले, "मलाही दिसल्या होत्या, मावशी. गाड्या सांगून ठेवल्या होत्या. आबांसमोर मिरवलं होतं, गाळ टाकल्यावर बाग कशी येते बघा म्हणून. वाटलं, चार गाठींनी काय होतंय."

मी त्या दोघांकडे बघत राहिले. सगळं आयुष्य घासून टाकलेल्या त्या सहा-सात वर्षांची सुरुवात दोन माणसांनी उघड्या डोळ्यांनी बघितली होती आणि दोघंही आपापल्या जागी गप्प बसली होती. मावशी म्हणाली, "मग बरं झालं. येकलीचंच वाटत हुतं मला." आणि आपल्या पातीवर जाऊन बसली. यांनी पायातलं काढलं आणि तिच्या शेजारची पात धरली.

त्यानंतर ती दोनच वर्षं आमच्याकडे होती. काम करत होती, पण पात दिवसेंदिवस आखूड होत गेली. बसली की उठायला कुणीतरी हात द्यावा लागे. उजव्या हाताची बोटं उघडेनाशी झाली. हे तिला म्हणाले, घरातच राहा, दोन घास खा, काही करू नकोस. ती म्हणाली, "हितं राहिले तर बागंत जाईन." एक दिवस तिचा जावई आला आणि तिला जतकडे घेऊन गेला. जाताना ती यांच्या आणि मामंजींच्या पाया पडली. माझ्या पाया पडायला वाकली तेव्हा मी तिला धरलं. हाताला तिचं वजनच लागलं नाही.

वर्षाने मी तिला भेटायला गेले. ती आमची शेवटची भेट. सांगलीहून मोटारीने जतला आणि तिथून भाड्याच्या बैलगाडीने तीन कोस. दोन्ही बाजूंना करडी जमीन, मधूनमधून जोंधळ्याची खुरटलेली ताटं आणि लांबवर मेंढरं. गाडीवानाने आधीच बजावलं होतं, संध्याकाळची मोटार गाठायची तर ऊन उतरायच्या आत परत निघायला हवं.

मावशी मुलीच्या दारात कडुलिंबाखाली बसलेली होती. मला बघून तिने उठायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मुलगी रानात गेली होती. मी तिला घरचं सगळं सांगितलं. मामंजींना आता दिसत नाही, बहार चांगला आला, मला मुलगी झाली. ती ऐकत होती, मधूनच "बरं झालं" म्हणत होती. तिचे केस पार विस्कटले होते. पूर्वी त्या बाईचा एक केस कधी पदराबाहेर दिसला नव्हता. मी केसांकडे बघतेय हे तिला कळलं.

"बोटं उगडत न्हाईत, वैनी. लेकीला सांजचं सवड मिळती तवा इंचरती. न्हाई मिळत कवा कवा."

मी घरात जाऊन कोनाड्यातली फणी आणि तेलाची बुधली शोधून आणली आणि तिच्या मागे बसले. ती म्हणाली, "आवं, तुमी कशाला?" पण सरकली नाही. केसांत गुंता फार होता. एकेक बट हातात धरून, ओढ लागू न देता, टोकाकडून वर सोडवत गेले. बराच वेळ लागला. ती आधी जतच्या पावसाचं काहीतरी सांगत होती, मग मधेमधे थांबायला लागली, मग बोलणं बंद झालं. मी वाकून बघितलं. मावशीला झोप लागली होती. बसल्या बसल्याच, मान माझ्या गुडघ्याला टेकून.

इतक्या वर्षांत मी तिला झोपलेलं कधी बघितलं नव्हतं. दुपारी बाकीच्या बायका भाकरी खाऊन झाडाखाली आडव्या व्हायच्या तेव्हाही ती बसूनच असायची. मी फणी खाली ठेवली आणि हलले नाही. लिंबाची सावली आमच्यावरून सरकून भिंतीवर गेली. गाडीवान दोनदा येऊन उभा राहिला. तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, "बाई, मोटार चुकंल."

मी त्याला हाताने खूण केली की हळू बोल.

"बैल सोड," मी म्हटलं. "आज जायचं नाही."